खात्याने काम केले की नाही, हे विधिमंडळ कसे तपासते : नागपूर अधिवेशनात नव्याने येणाऱ्यांसाठी

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा सिव्हिल लाइन्सचे रूप काही दिवसांपुरते पालटते. रस्त्यांवर कठडे लागतात, आमदार निवासाच्या खोल्या भरतात, यशवंत स्टेडियमवरून निघालेले मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर अडवले जातात, आणि विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक घेऊन उभे राहिलेले आमदार संध्याकाळच्या बातम्यांत दिसतात. या गर्दीत प्रथमच आलेल्या माणसाला, मग तो राज्यशास्त्राचा विद्यार्थी असो, नवा वार्ताहर असो की एखाद्या आमदाराकडे नुकताच रुजू झालेला स्वीय सहायक असो, एक प्रश्न पडतोच : सरकारच्या खात्यांनी वर्षभर काय काम केले, हे येथे नेमके कोण आणि केव्हा तपासते? पायऱ्यांवर तर ते तपासले जात नाही. सभागृहातही ते थोडेच होते. खरी तपासणी कागदावर, तुकड्यातुकड्याने आणि अनेक अधिवेशनांत पसरून चालते, त्यामुळे तिचा माग काढायचा असेल तर एकच विषय आणि शक्यतो एकच आकडा हाती धरून कागदामागून कागद वाचत जावे लागते.

हा लेख त्या वाचनाच्या पायऱ्या सांगण्यासाठी आहे. सोयीसाठी एक काल्पनिक विषय घेऊ. समजा, आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची काही पदे बराच काळ रिकामी आहेत. आपल्याला जाणून घ्यायचे आहे ते एवढेच की, या गोष्टीची विधिमंडळाने दखल घेतली काय आणि घेतली असल्यास पुढे काय झाले.

पहिली पायरी : काम कोणाचे, हे ठरवणे

नवख्यांची पहिली चूक येथेच होते. ‘सरकारी दवाखाना’ हा एक शब्द झाला, पण नागपूरपुरते पाहिले तरी त्यामागे चार मालक उभे आहेत. डागा स्त्री रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची. महानगरपालिकेचे दवाखाने महानगरपालिकेचे, आणि महानगरपालिकेविषयी सभागृहात उत्तर द्यायचे ते नगरविकास विभागाने. मिहानमधील एम्स तर केंद्र सरकारची, म्हणजे तिच्या कारभाराचा जाब संसदेत विचारला जाईल, येथे नाही. तालुक्याचे ग्रामीण रुग्णालय थेट सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते, पण त्याच तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असते. मालक बदलला की अर्थसंकल्पातील मागणी बदलते, उत्तर देणारा मंत्री बदलतो आणि तपासणी करणारी समितीही बदलते.

नावांतही फरक लक्षात ठेवावा. मंत्रालयात बसतो तो विभाग. त्याच्या धोरणाची अंमलबजावणी करते ते संचालनालय किंवा आयुक्तालय. आणि कायद्याने किंवा कंपनी म्हणून वेगळे उभे केलेले असते ते महामंडळ, उदाहरणार्थ १९९७ मध्ये स्थापन झालेले व नागपुरात मुख्यालय असलेले विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ. सभागृहात जबाबदारी नेहमी मंत्र्याची असते, कारण राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. समितीसमोर मात्र खात्याचा सचिव साक्षीला बसतो. हा फरक पुढे फार उपयोगी पडतो.

जबाबदारी कोणाची, हा प्रश्न खुद्द विधानभवनालाही एकदा पडला होता. २०१८ चे पावसाळी अधिवेशन नागपुरात भरले असताना ६ जुलै रोजी मुसळधार पाऊस झाला, विधानभवनाला वीज पुरवणाऱ्या केंद्रात पाणी शिरले आणि विजेअभावी कामकाज थांबवावे लागले. नालेसफाईवर प्रश्न विचारणाऱ्या सभागृहाला गटाराने गप्प केले, असा तो प्रसंग होता.

दुसरी पायरी : खात्याने काय कबूल केले होते, ते वाचणे

कामगिरी मोजायची तर आधी कबुली हातात हवी. ती मार्चमधील अर्थसंकल्पीय अधिवेशनाच्या कागदांत सापडते. अनुच्छेद २०३ नुसार खर्चाचे अंदाज विधानसभेपुढे मागण्यांच्या रूपाने येतात, आणि विधानसभा ती मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. विधान परिषदेला चर्चा करता येते, मागण्यांवर मतदान करता येत नाही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात प्रत्येक विभागाला अक्षरांचा एक संकेत असतो. सार्वजनिक आरोग्याला ‘आर’ आणि वैद्यकीय शिक्षणाला ‘एस’. त्याखाली लेखाशीर्षे, म्हणजे खर्च ज्या क्रमांकांखाली नोंदला जातो ती शीर्षे, येतात, त्यांतील २२१० हे आरोग्यावरील महसुली खर्चाचे आणि ४२१० हे इमारतींसारख्या भांडवली खर्चाचे. एवढे चार संकेत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर हजार पानांच्या पुस्तकातून आपले पान शोधणे अवघड जात नाही. रकमेसमोर ‘दत्तमत’ लिहिलेले असेल तर त्यावर मतदान होते. ‘भारित’ असेल तर होत नाही.

मात्र रक्कम ही कबुलीची अर्धीच बाजू झाली. त्या रकमेत काय करून दाखवणार, हे विभागाच्या कार्यक्रम अंदाजपत्रकात यायला हवे. माझा अनुभव असा की, या पुस्तिकांची भाषा बहुधा गुळगुळीत असते. ‘बळकटीकरण’, ‘सक्षमीकरण’ असे शब्द भरपूर असतात आणि मोजता येईल अशी संख्या शोधावी लागते. ती शोधावीच. मंजूर पदे किती, भरलेली किती, खाटा किती, बाह्यरुग्ण किती, यांपैकी जे सापडेल ते तारखेसह लिहून ठेवावे. अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात मांडली जाणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ या कामी अधिक मदत करते, कारण अर्थ व सांख्यिकी संचालनालय तीत मागील वर्षांचे आकडे शेजारी शेजारी देते.

तिसरी पायरी : पुरवणी मागण्या आणि प्रत्यक्ष खर्च

मुख्य अर्थसंकल्प मुंबईत मांडला जात असला तरी नागपूरकरांच्या वाट्याला पुरवणी मागण्या, म्हणजे मूळ तरतुदीवर मागितलेल्या जादा रकमा, येतात, आणि त्या वाचण्यासारख्या असतात. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात सुमारे ५५ हजार ५२० कोटी रुपयांच्या, तर डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे ३५ हजार ७८८ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या येथे मांडल्या गेल्या. एवढी मोठी रक्कम वर्षाच्या मध्यावर का लागते, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक मागणीखालच्या दोन-तीन ओळींच्या स्पष्टीकरणात असते. एखादी मागणी केवळ एक हजार रुपयांची दिसली तर हसू नये. ती लाक्षणिक मागणी असते. पैसे खात्याकडे दुसरीकडे वाचलेले असतात, फक्त नव्या कामासाठी सभागृहाची मान्यता हवी असते.

खरी गंमत पुढे आहे. राज्याच्या वित्त विभागाची ‘बीम्स’ ही संगणक प्रणाली कोणत्या विभागाला किती तरतूद मिळाली, किती निधी वितरित झाला आणि किती खर्च झाला हे दाखवते. डिसेंबरात आपल्या लेखाशीर्षाखालचा खर्च मूळ तरतुदीच्या निम्म्यावरही गेलेला नसेल आणि तरी त्याच शीर्षाखाली पुरवणी मागणी आलेली असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे. वर्षअखेरीस अशी रक्कम एक तर समर्पित होते, म्हणजे खाते ती परत करते, नाही तर ३१ मार्चच्या आधीच्या आठवड्यात घाईघाईने खर्ची टाकली जाते. दोन्हींची नोंद नंतर विनियोजन लेख्यांत, म्हणजे मंजूर रक्कम व प्रत्यक्ष खर्च यांची तुलना मांडणाऱ्या हिशेबांत, होते, आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले ‘कॅग’, पुरवणी मागणी अनावश्यक होती असे स्पष्ट शब्दांत लिहून मोकळे होतात. दुर्दैवाने तोवर ते वर्ष उलटून गेलेले असते.

चौथी पायरी : प्रश्नोत्तरे वाचायला शिकणे

सभागृहातील आयुधांपैकी, म्हणजे सरकारला जाब विचारण्याच्या सदस्यांच्या साधनांपैकी, नवख्याने सर्वांत आधी शिकावे ते तारांकित प्रश्नाचे वाचन. कामकाजाचा पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला केवळ लेखी उत्तर मिळते. तासाभरात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात, पण यादीतील बाकीच्या प्रश्नांची उत्तरेही छापलेली असतात, आणि अभ्यासकाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. गदारोळात तास वाहून गेला तरी ती यादी वाहून जात नाही.

प्रश्नाचा साचा वर्षानुवर्षे एकच आहे. अमुक ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे रिक्त असल्याचे माहे ऑक्टोबरमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय. असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? वाचायला हे रुक्ष वाटते, पण त्याची बांधणी पक्की आहे : आधी वस्तुस्थिती कबूल करवून घ्यायची, मग चौकशी, मग कार्यवाही, आणि शेवटी विलंबाचे कारण.

उत्तरांचीही एक उतरंड आहे. ‘हे खरे आहे’ असे उत्तर आले तर विषय मिटला असे समजू नये, उलट तेथून तो सुरू होतो, कारण आता कबुली नोंदीवर आली. ‘हे खरे नाही’ या उत्तरापुढे खात्याने एखादा आकडा दिला आहे काय ते पाहावे. आकडा नसेल तर उत्तर कोरडे आहे. ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य आधीच्या नकारावर उभे असते, म्हणून तो नकारच पुन्हा तपासावा. ‘बाब तपासण्यात येत आहे’ याचा अर्थ, खात्याला उत्तर द्यायचे नाही किंवा जिल्ह्याहून माहिती आलेली नाही. माझ्या मते सर्वांत अर्थपूर्ण उत्तर ‘हे अंशतः खरे आहे’ हे असते. खाते कोठे कबूल होते आणि कोठे हात झटकते, याची रेषा त्यात स्वतः खात्यानेच आखलेली असते. प्रश्नातील कोणता शब्द उत्तरातून गळाला एवढे शोधले की ती रेषा दिसते. प्रश्न ‘वैद्यकीय अधिकाऱ्यांची’ पदे रिक्त असल्याचा असेल आणि उत्तर ‘एकूण मंजूर पदांपैकी बहुतांश पदे भरलेली आहेत’ असे असेल, तर शिपाई आणि लिपिक यांच्या संख्येत डॉक्टर हरवला आहे हे समजावे.

प्रश्न विचारण्याचा अधिकार सदस्याचा असतो, नागरिकाचा नाही. पण चांगला प्रश्न बहुधा बाहेरूनच येतो. अधिवेशनाच्या काही आठवडे आधी आपल्या आमदारांच्या कार्यालयात तारीख, ठिकाण, मंजूर पदे, भरलेली पदे आणि आधार म्हणून एखाद्या पत्राची प्रत असे एका पानावर नेऊन द्यावे. पाच पानांचे निवेदन कोणी वाचत नाही.

बाकीच्या आयुधांची तोंडओळख पुरे. लक्षवेधी सूचना तातडीच्या सार्वजनिक प्रश्नासाठी असते, विधानसभेत ती नियम १०५ खाली येते, आणि तिच्यावर मंत्र्याला सविस्तर निवेदन करावे लागते. उत्तराने समाधान झाले नाही तर अर्धा तास चर्चा मागता येते. नियम २९३ खालची चर्चा आणि शेवटच्या आठवड्यातील विरोधी पक्षाचा प्रस्ताव यांत भाषणे लांब आणि विषय अनेक असतात. एका रुग्णालयाचा आकडा त्यात सापडला तर नशीब समजावे.

पाचवी पायरी : आश्वासनाची नोंद ठेवणे

उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्री म्हणतात, ‘तीन महिन्यांत ही पदे भरली जातील’. सभागृहात बाके वाजतात, बातमी छापून येते आणि आपण ते विसरतो. विधिमंडळ मात्र, निदान नियमाने, विसरत नाही. मंत्र्यांनी दिलेली आश्वासने कार्यवृत्तातून, म्हणजे सभागृहातील बोलण्याच्या अधिकृत नोंदीतून, वेचून काढण्यासाठी आणि ती ठरलेल्या मुदतीत पुरी झाली की नाही हे पाहण्यासाठी स्वतंत्र आश्वासन समिती आहे. खात्याला पूर्ततेचा खुलासा तिच्याकडे पाठवावा लागतो, मुदतवाढ हवी असेल तर ती मागावी लागते, आणि फार रेंगाळलेल्या प्रकरणांत सचिवाला साक्षीला बोलावले जाते.

येथे शब्दांकडे नीट लक्ष द्यावे. ‘चौकशी केली जाईल’ हे आश्वासन आहे. ‘सदस्यांच्या भावनांची नोंद घेतली’ हे नाही. मुरलेले मंत्री या दोन वाक्यांतील अंतर पुरेपूर ओळखून असतात. म्हणून बातमीतले वाक्य न घेता कार्यवृत्तातले मूळ वाक्य, तारीख आणि सभागृहाचे नाव लिहून ठेवावे. पुढच्या अधिवेशनात त्याच आमदारांकडे जाताना ती तीन ओळींची नोंद मोठ्या निवेदनापेक्षा जास्त काम करते.

सहावी पायरी : कॅगचा अहवाल

आतापर्यंतच्या पायऱ्यांत खाते स्वतःविषयी काय सांगते ते आपण वाचले. कॅगचा अहवाल हा पहिला कागद, ज्यात खात्याबाहेरच्या कोणीतरी खात्याच्या नस्त्या, म्हणजे फायली, उघडून पाहिलेल्या असतात. अनुच्छेद १५१ प्रमाणे राज्याच्या लेख्यांवरील अहवाल राज्यपालांना सादर होतो आणि राज्यपाल तो विधिमंडळापुढे ठेववतात. नागपूरकरांना हे दूरचे वाटू नये. महालेखाकारांचे कार्यालय येथेच सिव्हिल लाइन्समध्ये आहे, आणि विदर्भ व मराठवाड्याचे काम तेथून चालते.

या अहवालांचे ढोबळपणे तीन प्रकार पडतात. एकात राज्याच्या तिजोरीची एकूण स्थिती असते, दुसऱ्यात नियम पाळले की नाही याची तपासणी असते, आणि तिसऱ्यात, आपल्या कामाचा तो हाच, एखाद्या योजनेची किंवा सेवेची कामगिरी तपासलेली असते. कामगिरीच्या तपासणीत तीन गोष्टी पाहतात : वस्तू किंवा सेवा वाजवी किमतीत घेतली काय, ती म्हणजे काटकसर, मिळालेल्या साधनांतून जेवढे काम व्हायला हवे तेवढे झाले काय, ती कार्यक्षमता, आणि त्या कामाने मूळ हेतू साधला काय, ती परिणामकारकता. बंधारा स्वस्तात बांधला, वेळेत बांधला आणि त्यात पाणीच साठले नाही, तर पहिल्या दोन कसोट्यांवर खाते उत्तीर्ण आणि तिसरीवर नापास.

हे उदाहरण हवेतले नाही. जलयुक्त शिवार अभियानावरचा कॅगचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला. अभियानावर ९ हजार ६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्च झाले होते. लेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांतील १२० गावे निवडून तपासली आणि त्यांपैकी ८३ गावांत निर्माण झालेला साठा पिण्याच्या व शेतीच्या पाण्याची गरज भागवण्यास पुरेसा नसल्याचे नोंदवले. कामे झाली होती, पैसेही खर्च झाले होते. बोट ठेवले होते ते परिणामावर. यावर राजकारण व्हायचे ते झाले, आणि पुढे सरकार बदलल्यावर योजना दुसऱ्या टप्प्याच्या रूपाने परतही आली. अहवालाला न्यायालयाच्या निकालासारखी अंमलबजावणीची ताकद नसते, हे नवख्याने आधीच समजून घेतलेले बरे. निवडलेल्या नमुन्यावरून काढलेला निष्कर्ष किती ताणायचा, हेही वाचणाऱ्याने स्वतः ठरवायचे असते.

आपल्या काल्पनिक रुग्णालयाकडे परत येऊ. राज्यातील सार्वजनिक आरोग्य सुविधा आणि आरोग्यसेवांचे व्यवस्थापन या विषयावर कॅगचा अहवाल डिसेंबर २०२४ च्या नागपूर अधिवेशनात, शेवटच्या दिवशी मांडला गेला. त्यात डॉक्टरांची २७ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि निमवैद्यकीय कर्मचाऱ्यांची ३१ टक्के कमतरता नोंदलेली आहे. म्हणजे आपण एका तालुक्यात जे पाहिले ते राज्यभराचे चित्र आहे, हे सांगणारा आधार हातात आला. ‘शेवटच्या दिवशी’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. अहवाल अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर ठेवायचा, म्हणजे त्यावर चर्चा व्हायला दिवसच उरत नाही, ही रीत कोणत्याही एका पक्षाची नाही. त्यावर तक्रार करण्यापेक्षा व्यवहारी मार्ग असा की, अखेरच्या दिवशी पटलावर ठेवायच्या कागदपत्रांची यादी न चुकता पाहावी.

अहवाल पहिल्या पानापासून वाचू नये. आधी सारांश, मग आपल्या विषयाचा परिच्छेद, मग त्या परिच्छेदाखाली दिलेले खात्याचे उत्तर, आणि शेवटी त्या उत्तरावर लेखापरीक्षकाने काय म्हटले ते. ‘उत्तर स्वीकारार्ह नाही’ हे वाक्य जेथे दिसेल तेथे खूण करावी. परिच्छेदाचा क्रमांक टिपून ठेवणे तर अत्यावश्यक, कारण पुढच्या सर्व कागदांत विषयाचे नाव मागे पडून तो क्रमांकच फिरतो.

सातवी पायरी : समित्या

पटलावर ठेवलेला लेखापरीक्षा अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. समितीत दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात, मंत्री सदस्य नसतो, आणि अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे द्यावे असा संकेत आहे. सगळे परिच्छेद तपासणे शक्य नसल्याने समिती त्यांतील निवडक घेते. खात्याकडून स्पष्टीकरणात्मक ज्ञापन मागवले जाते, मग सचिव आणि त्यांचे अधिकारी साक्षीला येतात. येथे कॅमेरा नसतो, प्रेक्षक गॅलरी नसते, त्यामुळे सभागृहात एकमेकांवर धावून जाणारे सदस्य येथे एकाच बाजूने प्रश्न विचारताना दिसतात, असे आत बसलेले लोक सांगतात. मला ते खरे वाटते, कारण समितीच्या अहवालांचा सूर बहुतेक वेळा एकमुखी असतो. समितीचे कामकाज अहवाल सादर होईपर्यंत गोपनीय असते, म्हणून तोवर ‘समितीने ताशेरे ओढले’ अशी बातमी कोणी दिली तर ती सावधपणे घ्यावी.

अहवालातील शिफारशींवर खात्याने काय केले, हे सांगणारा कार्यवाहीचा अहवाल नंतर येतो. येथे वर्षे जातात. लेखापरीक्षेचा काळ, अहवाल मांडल्याची तारीख, समितीची साक्ष आणि शिफारस, यांत इतके अंतर पडते की, ज्या अधिकाऱ्याच्या काळात चूक झाली तो निवृत्त झालेला असतो आणि साक्षीला नवाच सचिव बसलेला असतो. या यंत्रणेतील सर्वांत मोठा दोष मला हाच वाटतो. विदर्भातील गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये, भूमिपूजन १९८८ चे, आणि नंतरची सुधारित किंमत १८ हजार कोटींच्या वर. एवढ्या काळात किती सचिव आणि किती समित्या येऊन गेल्या असतील, याचा हिशेब वाचकाने करावा.

लोकलेखा समिती झालेला खर्च पाहते, तर अंदाज समिती खर्चाच्या अंदाजांकडे पाहून काटकसर व कारभारातील सुधारणा सुचवते. महामंडळांसाठी सार्वजनिक उपक्रम समिती आहे; तिचा अहवाल वाचताना महामंडळाचे वार्षिक लेखे कोणत्या वर्षापर्यंत पूर्ण आहेत हे आधी पाहावे, कारण लेखेच थकलेले असतील तर कामगिरीची चर्चा अंदाजावर चालते. जिल्हा परिषदांची तपासणी पंचायत राज समिती करते. तिचा दौरा जाहीर झाला की जिल्हा परिषदेत रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, जुन्या नस्त्या बांधून ठेवल्या जातात आणि शाळा-दवाखान्यांच्या भिंतींना रंग लागतो. थट्टेचा भाग सोडला तरी, भेटीच्या धाकाने का होईना काम होते, हे मान्य करावे लागते. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, महिला यांच्या कल्याणासाठी वेगळ्या समित्या आहेत. आश्रमशाळेचा विषय असेल तर लोकलेखा समितीची वाट न पाहता अनुसूचित जमाती कल्याण समितीचे अहवाल आधी चाळावेत.

विदर्भाचा वेगळा हिशेब

नागपुरात अधिवेशन भरते ते १९५३ च्या नागपूर कराराच्या आधारावर, आणि त्यामुळे येथे खात्यांच्या कामगिरीला आणखी एक माप लागते : राज्याच्या सरासरीशी तुलना केली तर विदर्भाच्या वाट्याला किती आले. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून ‘अनुशेष’, म्हणजे विकासातील राहून गेलेली तूट, हा शब्द येथल्या बोलण्यात रुजला. अनुच्छेद ३७१ (२) खाली स्थापन होणाऱ्या विकास मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा, अशी घटनेतच तरतूद आहे. विदर्भाचे मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि त्याची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. संतुलित विकासावरचा केळकर समितीचा अहवाल डिसेंबर २०१४ च्या नागपूर अधिवेशनात मांडला गेला. एखाद्या खात्याचा राज्यभराचा आकडा चांगला दिसत असेल तेव्हा तो विभागवार फोडून मागावा; कित्येकदा खरी माहिती त्या फोडीतच असते.

आठवी पायरी : स्वतः जाणे आणि फाइल उघडणे

प्रेक्षक गॅलरीत बसण्यासाठी प्रवेशिका लागते. ती सदस्याच्या शिफारशीवर मिळते, आणि ओळखपत्र सोबत ठेवावे लागते. पहिल्यांदा जाणाऱ्याने प्रश्नोत्तराचा तास निवडावा आणि त्या दिवसाची प्रश्नांची यादी आधी वाचून जावे, नाही तर वर बसून कोण कशाबद्दल बोलतो तेच कळत नाही. राज्यशास्त्र व लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी हिवाळी अधिवेशनाच्या काळात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे येथे संसदीय अभ्यासवर्ग होतो. आपल्या विभागप्रमुखांकडे त्याची चौकशी वेळेत करावी. कामकाजाच्या याद्या, कार्यवृत्त व समित्यांचे अहवाल विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. जो कागद तेथे नसेल तो माहिती अधिकारात, पण विषय, तारीख आणि परिच्छेद क्रमांक लिहून मागावा. ‘आरोग्य खात्याची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज करणाऱ्याला काहीच मिळत नाही. सार्वजनिक हिताचा विषय असेल तर सदस्यामार्फत विनंती अर्ज समितीकडेही जाता येते.

फाइलच्या आतल्या बाजूला एक तक्ता चिकटवावा. डाव्या बाजूला तारीख, मग कागदाचे नाव, मग मंजूर पदे, भरलेली पदे, आणि शेवटच्या रकान्यात खात्याने वापरलेले नेमके शब्द. मार्चची तरतूद, डिसेंबरचे तारांकित उत्तर, मंत्र्याचे आश्वासन, कॅगचा परिच्छेद, समितीची शिफारस, अशा पाच-सहा ओळी भरायला दोन वर्षे लागू शकतात. डिसेंबरात कठडे निघाले आणि कागद मुंबईला परतले की पुढची ओळ अर्थसंकल्पीय अधिवेशनात भरायची असते. तेव्हा ‘आर’ मागणीचे पान काढून तोच पदांचा आकडा पुन्हा पाहावा.